हेल्मेटलाही वय असते

औषधाच्या बाटलीवरची मुदतीची तारीख पाहिल्याशिवाय औषध घेऊ नये, ही गोष्ट आता आपल्याकडे बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. दवाखान्यात येणाऱ्या आजीबाईसुद्धा नातवाच्या हातात बाटली देऊन "तारीख बघ रे" असे सांगतात. गॅसच्या शेगडीची नळी, गाडीचे टायर, चष्म्याचा नंबर हे सारे काही काळाने बदलावे लागते, हेही आपण मान्य करतो. पण दारामागच्या खुंटीला अडकवलेले हेल्मेट किती वर्षांचे आहे, असे विचारले तर घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. "असेल की सात-आठ वर्षांचं. अजून चांगलं आहे," एवढेच उत्तर मिळते.

या 'अजून चांगलं आहे'चा हिशेब आज मांडायचा आहे. हेल्मेट घालावे की घालू नये, हा वाद मी येथे पुन्हा उकरून काढणार नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो केव्हाच मिटला आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००८ साली निष्कर्ष दिला की, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता मेलेल्यांचा सरकारी आकडा ५० हजार २९ आहे. एवढे आकडे पाहिल्यावर वादाला जागा उरत नाही.

आजचा लेख आहे तो इमानेइतबारे हेल्मेट घालणाऱ्या वाचकांसाठी. कारण डोक्यावर हेल्मेट आहे म्हणजे डोके सुरक्षित आहे, असे नेहमीच नसते. ते हेल्मेट काम करण्याच्या स्थितीत आहे का, हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही.

मार लागतो म्हणजे काय होते?

मेंदू हा वाटीत लावलेल्या दह्यासारखा मऊ असतो आणि कवटी ही त्याची वाटी. डोके वेगाने येऊन रस्त्यावर आपटते तेव्हा कवटी जागच्या जागी थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. तो पुढे जाऊन कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या तुटतात, आत रक्त साचते आणि मेंदूवर दाब येतो. मेंदूतले तंतूही ताणले जातात, तुटतात. बाहेर खरचटलेलेसुद्धा दिसत नाही आणि आत रक्तस्राव चालू असतो, असे रुग्ण आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी पाहतो.

"मी तर गावातल्या गावात हळू चालवतो," असे म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून ते नुसते खाली आले तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर झालेला असतो. गाडी उभी असली तरीसुद्धा. गाडीचा वेग कमी असला म्हणून डोक्याचे पडणे थांबत नाही.

खरे काम थर्माकोलचे

हेल्मेटचे मुख्यतः चार भाग असतात: बाहेरचे टणक कवच, त्याच्या आतला थर्माकोलचा जाड थर, डोक्याला लागणारी मऊ गादी आणि हनुवटीखाली बांधायचा पट्टा. दुकानात आपण कवचाचा रंग पाहतो, गादीचा मऊपणा बोटांनी चाचपतो आणि हेल्मेट पसंत करतो. पण मेंदू वाचवण्याचे मोठे काम करतो तो या दोहोंच्या मध्ये लपलेला थर्माकोल.

टीव्हीच्या खोक्यात येणारा थर्माकोल आपण सर्वांनी हाताळलेला आहे. त्यात अंगठा दाबून पाहा. खड्डा पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. हेल्मेटमधला थर्माकोल याच जातीचा, पण अधिक घट्ट असतो. डोके आपटते तेव्हा तो चुरडत जातो आणि चुरडता चुरडता आघाताची शक्ती स्वतःकडे घेतो. उघडे डोके डांबरावर जवळजवळ जागच्या जागी थांबते. थर्माकोल त्याला थांबायला दोन-तीन सेंटीमीटर जागा देतो. ऐकायला ही जागा किरकोळ वाटते, पण मेंदूच्या दृष्टीने जगणे आणि मरणे यांतले अंतर अनेकदा एवढेच असते. बाहेरच्या कवचाचे काम म्हणजे एका ठिकाणी बसलेला मार सगळ्या थर्माकोलवर पसरवणे आणि दगड, खिळा यांसारखी टोकदार वस्तू आत घुसू न देणे.

आता यातली मेख पाहा. एकदा चुरडलेला थर्माकोल पुन्हा उभा राहत नाही. म्हणजे हेल्मेट हे आगपेटीतल्या काडीसारखे आहे. एकदा पेटली की तिचे काम संपले. अपघातात डोके आपटल्यावर कवचावर नुसता ओरखडा दिसत असला, तरी आतला थर दबलेला असू शकतो. तो गादीच्या मागे असल्यामुळे आपल्या नजरेस पडत नाही. त्याच जागेवर पुन्हा मार बसला तर थांबायला जागा उरलेली नसते. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट कितीही नवे, कितीही महाग असले तरी ते टाकून द्यावे. "देवाच्या कृपेनं याच हेल्मेटनं वाचलो" म्हणून ते पुन्हा डोक्यावर चढवू नये. त्याने आपले काम केले आहे.

पाच वर्षांचा आकडा आला कोठून?

एका वाचकाने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पाच वर्षांनी हेल्मेट बदला असं कंपन्या सांगतात, ते त्यांचा धंदा चालावा म्हणून नाही कशावरून?" शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

अमेरिकेत पीट स्नेल नावाचा मोटार शर्यतींत भाग घेणारा चालक १९५६ साली शर्यतीतल्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण ते उपयोगी पडले नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ साली त्याच्या नावाने स्नेल फाउंडेशन ही संस्था काढली. ही संस्था हेल्मेटांची कसून परीक्षा घेते. दर पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, ही या संस्थेची शिफारस असून ती हेल्मेट बनवणाऱ्यांशी एकमत होऊन केलेली आहे. हेल्मेटमधले डिंक आणि रसायने, केसांचे तेल, घाम, सौंदर्यप्रसाधने आणि रोजची झीज यांनी हेल्मेट हळूहळू कमजोर होते, असे कारण ती देते. म्हणजे हा आकडा औषधावरच्या तारखेसारखा मोजूनमापून काढलेला नाही. तो जाणकारांनी सावधगिरीने घातलेला दंडक आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातील संशोधकांनी सायकलस्वारांच्या वापरलेल्या जुन्या हेल्मेटांतला थर्माकोल कापून तपासला आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला की, मार न बसलेल्या हेल्मेटमधला थर्माकोल केवळ वय वाढल्याने निकामी होत नाही. तेव्हा पाच वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हेल्मेट कुचकामी होते, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग पाच वर्षांचा आग्रह मी का धरतो? कारण हेल्मेट म्हणजे एकटा थर्माकोल नव्हे. पट्ट्याचे धागे उसवतात. बक्कल ढिले होते. गादी बसून जाते आणि हेल्मेट सैल होते. कवच आणि थर जोडणारा डिंक सुटतो. त्यातून आपला वापर पाहा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हेल्मेट दिवसभर कचेरीबाहेर उन्हात गाडीवर टांगलेले असते. डोक्याला खोबरेल तेल, त्यावर घाम, त्यावर रस्त्याची धूळ. पावसाळ्यात ते ओले होते ते चार महिने नीट वाळत नाही. रोज वापरल्या जाणाऱ्या हेल्मेटला अशी पाच वर्षे म्हणजे पुष्कळ झाली. क्वचित वापरलेले आणि नीट ठेवलेले हेल्मेट थोडे अधिक चालेल. पण रोज गाडीवर जाणाऱ्या शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, विक्री प्रतिनिधी अशा मंडळींनी पाच वर्षे ही शेवटची हद्द मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पट्टा सुटला तर सारेच फुकट

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती पट्ट्याची. काही वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांना गावकऱ्यांनी माझ्या दवाखान्यात आणले. गतिरोधक दिसला नाही, गाडी उडाली आणि ते पडले. नातेवाईक पुन्हा पुन्हा सांगत होते, "हेल्मेट होतं हो डोक्यावर." प्रथमोपचार करून मी त्यांना तातडीने जिल्ह्याच्या गावी पाठवले. मागाहून ते हेल्मेट पाहिले. ते त्यांच्या वडिलांनी दहा-अकरा वर्षांपूर्वी घेतलेले होते. बाहेरून पुसून चकचकीत ठेवलेले. पण बक्कल केव्हाच तुटलेले आणि पट्ट्याची दोन टोके एकमेकांत गाठ मारून ठेवलेली. पडताना ती गाठ सुटली आणि हेल्मेट रस्त्याच्या कडेला घरंगळत गेले, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. मास्तर वाचले. पण पुढे कित्येक महिने त्यांना वर्गातल्या मुलांची नावे आठवत नसत, बोलताना शब्द सापडत नसत. वीस रुपयांच्या बकलाने हे टळले असते, असे मी शपथेवर म्हणणार नाही. मात्र डोके जमिनीला लागले तेव्हा हेल्मेट डोक्यावर नव्हते, एवढे खरे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्येसुद्धा हेल्मेट पट्ट्याने किंवा तशा साधनाने डोक्यावर पक्के बांधलेले असावे, असे म्हटले आहे. नुसते डोक्यावर ठेवलेले किंवा कोपरात अडकवलेले हेल्मेट कायद्यालाही मान्य नाही.

केव्हा बदलावे?

वाचकांच्या सोयीसाठी नेमके मुद्दे देतो. पुढीलपैकी एक जरी गोष्ट आढळली तरी वय न पाहता हेल्मेट बदलावे.

१. अपघातात हेल्मेट डोक्यावर असताना त्याला मार बसला असेल.

२. कवचाला तडा गेला असेल, किंवा दोन्ही हातांनी बाजूने हलके दाबल्यावर कर्रकर्र आवाज येत असेल.

३. आतली गादी बाजूला केल्यावर थर्माकोलमध्ये खड्डा, भेग किंवा भुगा दिसत असेल, अथवा तो कवचापासून सुटून हलत असेल.

४. पट्टा विरला असेल, शिवण उसवली असेल, बक्कल लावून जोराने ओढल्यावर सुटत असेल.

५. हेल्मेट सैल झाले असेल. याची परीक्षा सोपी आहे. पट्टा बांधा आणि दुसऱ्या कोणाला तरी हेल्मेटची मागची कडा धरून वर-पुढे लोटायला सांगा. ते कपाळावरून निघून आले तर अपघातातही निघणार. मान डावी-उजवी हलवल्यावर डोके फिरते आणि हेल्मेट मागे राहते, तरीही ते सैलच समजावे.

यांपैकी काहीच नसेल, तर रोजच्या वापरातल्या हेल्मेटला पाच वर्षे हा दंडक धरावा.

रिकामे हेल्मेट हातातून एकदा निसटून पडले म्हणून मात्र लगेच घाबरू नये. आत डोक्याचे वजन नसल्याने थर्माकोल सहसा दबत नाही. कवचाला तडा गेला नाही ना, एवढे पाहावे. पण त्याला चेंडूसारखे आपटायची सवय करू नये. काचेवर ओरखडे पडले असतील तर संपूर्ण हेल्मेट टाकण्याची गरज नाही. बहुतेक हेल्मेटांची काच वेगळी मिळते आणि ती बदलता येते. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश ओरखड्यांवर फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा तेथे चालढकल नको.

निगा आणि खरेदी

थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. म्हणून पेट्रोल, रॉकेल किंवा थिनरचा बोळा घेऊन हेल्मेट पुसू नये. साधे साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. कवच रंगवू नये. रंगातल्या द्रवाने प्लॅस्टिकला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. गाडीच्या आरशाच्या दांडीवर हेल्मेट खोचण्याची आपल्याकडे सार्वत्रिक सवय आहे. त्याने आतल्या थराला टोचून खड्डा पडतो. गादी काढता येत असेल तर महिन्यातून एकदा धुवून सावलीत वाळवावी. डोक्याला पातळ सुती रुमाल बांधून वर हेल्मेट घातले तर तेल-घाम गादीत कमी मुरतो. मात्र जाड टोपी किंवा फेट्यासारखे काही आत नको.

नवे घेताना आय.एस.आय. खूण पाहा. तिच्या वरच्या बाजूला आय.एस. ४१५१ हा मानक क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाईल ॲपवर तो परवाना क्रमांक टाकला की खरे-खोटे कळते. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे किंवा विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांत नुसते प्लॅस्टिकचे टोप मिळतात. त्यांच्या आत थर्माकोल नसतो, असला तर बोटभरही नसतो. ती टोपी आहे, हेल्मेट नव्हे. आतल्या लेबलावर बनवल्याची तारीख असेल तर तीही पाहून घ्या. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल सवलतीत घेण्यात शहाणपण नाही.

मला काय वाटते

आपल्याकडे हेल्मेट ही पोलिसाला दाखवायची पावती झाली आहे, हे या साऱ्याचे मूळ आहे. चौकात शिपाई दिसला की ते टाकीवरून डोक्यावर येते आणि चौक ओलांडला की पुन्हा टाकीवर जाते. पावती जुनी असली तरी चालते, तसे हेल्मेट कसलेही चालते. म्हणूनच बापाचे हेल्मेट मुलाकडे जाते. बाप नवे घेतो, स्वतः मोठ्या रस्त्याने जातो म्हणून. जुने पोराला देतो, तो कॉलेजपर्यंतच जातो म्हणून. मागे बसणाऱ्या बायकोच्या वाट्याला तर त्याहून जुने येते, किंवा काहीच येत नाही. कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, ४ वर्षांवरच्या मुलांनाही लागू आहे. डांबर तर कोणातच भेद करत नाही. शाळेत घालायला आपण मुलाला दर दोन वर्षांनी नवे बूट घेतो, कारण पाय वाढतो. पण डोक्याला मोठ्यांचे जुने, डगडगणारे हेल्मेट देतो. ही काटकसर नव्हे.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. दीड हजार रुपयांचे चांगले हेल्मेट पाच वर्षे वापरले, तर रोजचा खर्च ८२ पैसे पडतो. चौकातला अर्धा कप चहासुद्धा एवढ्यात येत नाही. उलट मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकलेली घरे आपल्या जिल्ह्यातही काही कमी नाहीत.

जुने हेल्मेट भंगारात देताना त्याचा पट्टा कात्रीने कापून मगच द्यावे. नाहीतर ते धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर बसते. गावातल्या दुचाकी विक्रेत्यांनी, महाविद्यालयांनी आणि साखर कारखान्यांनी वर्षातून एक दिवस हेल्मेट तपासणीचा ठेवला, तर त्याचा उपयोग चौकातल्या दहा फलकांहून अधिक होईल.

आणि घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, हळदकुंकू लावतो. त्याच वेळी घरातली सगळी हेल्मेटे एका चटईवर मांडावीत. खरेदीचा महिना आणि वर्ष बॉलपेनने आतल्या कापडी लेबलावर लिहावे. पट्टा ओढून पाहावा, गादीखाली बोट घालून थर्माकोल चाचपावा. पाच मिनिटांचे काम आहे. ज्या हेल्मेटचे वय घरात कोणालाच सांगता येत नाही, ते त्याच दिवशी निकालात काढावे.